पाऊसबाईंना घेऊन लोणी काळभोरपर्यंत

आमच्या सोसायटीतले लोक युरोपला जाऊन येतात आणि मग जिन्यात भेटेल त्याला आल्प्सचे फोटो दाखवत सुटतात. मी फोटो बघते, "वा, छान" म्हणते आणि भाजीची पिशवी सावरत वर जाते. आता माझी पाळी आहे. मी कर्वेनगरहून निघून बुधवार पेठ, हडपसर आणि थेट लोणी काळभोर करून परत आले, तेही एका बाईला स्कूटीवर पायाशी उभं करून, आणि जिंकून आले. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

कर्वेनगर, गुरुवार

बाई म्हणजे आमच्या घरातला पावसाचा दिवा. खाली सोनेरी तबक, वर सोनेरी छत आणि दोघांच्या मध्ये गोलाकार ताणून बांधलेल्या नायलॉनच्या बारीक तारा. मधोमध खांद्यावर घडा घेतलेली एक पांढरीशुभ्र ग्रीक बाई. बटण दाबलं की छतातला बल्ब लागतो, तळातला छोटा पंप तेल वर चढवतो आणि ते तेल थेंबाथेंबानं तारांवरून खाली उतरतं. बाईच्या चहूबाजूंनी पाऊस पडतोय असं वाटतं. वाटायचं, म्हणायला हवं. कारण तो पाऊस मी बघितला तेव्हा मी बाबांच्या मांडीवर बसण्याइतकी लहान होते.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. एकदा पगार झाल्यावर गहू आणायला म्हणून गेले आणि हा दिवा घेऊन आले. कोरेगाव पार्कातली कोणी जर्मन बाई गाव सोडताना घरातलं सामान विकत होती. गहू त्या महिन्यात आले नाहीत. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिनं दिव्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "तथागतांच्या मूर्तीशेजारी ही उघडी बाई? वंदनेला बसायचं तरी कसं?" दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या लाल सुती कापडातून बाईला परकर आणि झंपर शिवला. काय बेतला होता! बाह्यांना काठसुद्धा होता. ग्रीक बाई त्यात थेट आमच्या मावशीसारखी दिसायला लागली आणि तिचं नाव पडलं पाऊसबाई.

पुढे काही महिन्यांतच पाऊस थांबला. बल्ब लागायचा, थेंब पडायचा नाही. आसपासच्या दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. तेव्हापासून पाऊसबाई शोकेसवर कोरड्या उभ्या आणि बाबा दर रविवारी मऊ फडक्यानं त्यांना पुसणार, एवढंच चालू होतं.

आता आमची इमारत पाडून नवी होणार. तोपर्यंत भाड्याच्या लहान घरात राहायचं. आईनं शाळेतल्यासारखा नियम काढला, "चालतं ते येईल, बंद ते भंगारात." रेडिओ गेला, घड्याळ गेलं, माझी जुनी इस्त्री गेली. गुरुवारी सकाळी ती शोकेसपाशी पोचली.

"अहो, याचं काय?"

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "बंदच आहे तो," म्हणाले. "फक्त भंगारवाल्याला सांग, जपून ने म्हणावं."

जपून ने! भंगारवाल्याला! माझं डोकंच फिरलं. या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी एवढी एकच वस्तू आणली आणि आता तीही पेपराआड तोंड लपवून देऊन टाकत होता. मी विचारलं, "आई, रविवारी भंगारवाला येणार ना? तोपर्यंत चालू करून आणला तर?"

"तर येईल. नियम म्हणजे नियम. पण बल्ब लागतो म्हणजे चालतो असलं मला सांगायचं नाही. पाऊस पडला पाहिजे."

मी ऑफिसात रजा टाकली. पाऊसबाईंना जुन्या चादरीत गुंडाळलं, स्कूटीवर दोन पायांच्या मध्ये उभं केलं. पुण्यात बाई स्कूटीवर निघाली की तोंडाला स्कार्फ बांधतेच. मी बांधला, त्यांनाही बांधला आणि निघालो.

बुधवार पेठ, गुरुवारच

तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रिकच्या दुकानांची जी दाटी आहे तिथे जगातली कुठलीही वस्तू मिळते, फक्त दुकानदाराला ती तुम्हाला द्यावीशी वाटली पाहिजे. पहिल्या दुकानातल्या काकांनी वायर लावली. बल्ब लागला.

"पेटतोय की."

"पेटतो, पण पडत नाही."

"काय पडत नाही?"

"पाऊस."

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "पावसाची तक्रार वेधशाळेत. शिवाजीनगरला. इथे फक्त दिवे."

एरवी मी अशा माणसाला सोडत नाही. पण हातात पाऊसबाई होत्या, भांडताना हातवारे करता येईनात. पुढच्या दुकानात एकानं सुचवलं की आतलं सगळं काढून टाकू, निळ्या लाइटची माळ लावू, पाण्यासारखीच दिसेल. त्याच्या शेजारच्यानं तर कमालच केली. म्हणाला, "बल्ब लागतोच आहे, तर मोबाईलवर पावसाचा आवाज लावून शेजारी ठेवा ना." मी त्याला म्हटलं, "तुम्हाला भूक लागली की जेवणाचा फोटो बघता का?" त्यावर तो खूश होऊन हसला आणि त्यानंच मला मुनीरभाईंकडे पाठवलं.

मुनीरभाईंचं दुकान वडिलांपासूनचं. लग्नाची रोषणाई, कारंजी, झुंबरं. त्यांनी पाऊसबाईंचा स्कार्फ अदबीनं सोडला, दिवा फिरवून बघितला आणि चहा मागवला. अमृततुल्यचा आल्याचा चहा आला. मग म्हणाले, "ताई, एके काळी असे दिवे मोठ्या हॉटेलांत होते. आता याला हात लावणारा माणूस एकच. किसनतात्या. गणपतीतले हलते देखावे करायचे. राक्षसाची मान हलवायची, शंकराच्या जटेतून पाणी काढायचं, सगळं त्यांचंच. पंप माझ्याकडून न्यायचे. हडपसरला गाडीतळापाशी गाळा आहे त्यांचा."

हलते देखावे म्हटल्यावर माझे डोळेच चमकले. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ते पेठापेठांतून बघितलेत. ज्यानं राक्षसाची मान हलवली त्याला थेंबभर तेल हलवणं काय जड!

"बोलतात फार," मुनीरभाईंनी सावध केलं. "पण करतात."

हडपसर, शुक्रवार

कर्वेनगरच्या माणसाला हडपसर म्हणजे परगाव. आम्ही तिकडे फक्त लग्नाला जातो, आणि तेही मुलगी जवळच्या नात्यातली असेल तर. त्यामुळे मी पाण्याची बाटली, चिवडा आणि शाल घेऊन निघाले. आई म्हणाली, "पासपोर्ट घेतलास का?"

एका सिग्नलला हवालदारानं अडवलं. पायाशी स्कार्फ बांधलेली, चादर पांघरलेली आकृती. त्यानं वाकून बघितलं.

"मॅडम, हे कोण?"

"पाऊसबाई."

"हेल्मेट नाही त्यांना?"

मी चादर बाजूला करून लाल झंपर दाखवला. तो मागे सरला आणि हात हलवून "जावा" म्हणाला.

गाडीतळापाशी गाळा सापडला, पण तात्या नव्हते. तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकत होती. दुकानातल्या मुलीला किसनतात्या हे नावही माहीत नव्हतं. चादरीतला दिवा कडेवर घेऊन मी त्या गर्दीत उभी राहिले आणि पहिल्यांदा वाटलं की झालं, संपलं. एकदा वाटलं, बाबांना फोन करावा. मग काय सांगणार म्हणून केला नाही.

भूक लागली की मला आधी राग येतो, मग रडू येतं. म्हणून शेजारच्या मिसळीच्या हॉटेलात शिरले. आमच्याकडे मिसळ म्हणजे वर शेव, कांदा, लिंबू, सगळं आपापल्या जागी. इथे ताटली दिसतच नव्हती, नुसता लालभडक रस्सा. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. मालक धावत आला. "काय झालं ओ ताई? तिखट लागलं?"

"तिखटही लागलं आणि किसनतात्याही गेले," मी नाक पुसत म्हणाले.

"कुठं गेले?" तो दचकला. "परवा तर इथं बसून मिसळ खाऊन गेले की!"

गाळा विकून तात्या आपल्या गावी, लोणी काळभोरला राहत होते. मालकानं फोन लावूनच दिला. पलीकडून एक दणदणीत आवाज आला, "उद्या सकाळी या. चालू करून न्या. चालू न झालं तर नाव बदलीन." मी त्या मालकाकडे पुन्हा रस्सा मागितला, आणि प्यालेसुद्धा.

लोणी काळभोर, शनिवार

सोलापूर रस्त्यावरून आत वळलं की उसाची शेतं लागतात आणि हवा एकदम बदलते. तात्यांची पत्र्याची शेड लांबूनच ओळखू आली, कारण दारात एक हिरवा राक्षस गुडघे टेकून बसला होता. त्याच्या डोक्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. आत आणखी मंडळी. एका पंखाचा गरुड, खुंटीला लटकलेली मुंडकी, निळ्या साडीतली गंगा. तात्या धोतर-बंडीत, मिशी पीळदार.

"पुण्याच्या गणपतीत जेवढे राक्षस मेलेत," ते म्हणाले, "त्यातले निम्मे मी मारलेत. दाखवा, काय हाय ते."

त्यांनी दिवा उचलून कानाशी धरला, हलवला आणि निकाल दिला, "मोटर जळली."

"न उघडता?"

"डॉक्टर काय पोट फाडूनच निदान करतो व्हय?"

मोटर जळलीय असं धरून त्यांनी कारंज्याचा नवा पंप खाली बसवला आणि तांब्याभर पाणी घेतलं. मी ओरडले, "तात्या, पाणी नाही! याला तेल लागतं!"

"पाऊस म्हंजे पानीच की ओ बाई! तेलाचा पाऊस कुनी बघितलाय?"

पाणी वर चढलं खरं. पण थेंब होऊन तारांवर थांबेना, एका अंगानं सरळ धार लागली, दुसऱ्या अंगानं उडालं ते बल्बच्या होल्डरमध्ये. फट् आवाज झाला. शेडमधला दिवा गेला, पंखा गेला आणि शेजारची पिठाची गिरणीही घरघरत थांबली. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला, तसाच धावत आला. "तात्या, परत गंगा आणली का शेडात?"

मी तात्यांना काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. माझे बाबा, रविवारचं फडकं, भंगारवाला, सगळं काढलं. तात्यांची मिशी जरा खाली आली. आतून त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू पदर खोचत आल्या. "झालं का भांडून? मंग ह्या बाईला आधी उन्हात ठिवा, आन् तुमी दोगं जेवा."

गिरणीवाल्यानं नवा फ्यूज घातला, पाऊसबाई अंगणात मिरच्यांशेजारी वाळत बसल्या. आम्ही पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. माझ्या घरी पाहुण्याला "जेवणार का?" असं विचारतात, आणि विचारण्याच्या सुरावरूनच पाहुण्याला उत्तर कळतं. काकूंनी विचारलंच नाही. ताट समोर आलं, मी नको म्हणेपर्यंत भाकरी संपली होती.

जेवण झाल्यावर तात्या कुणाशी न बोलता पाऊसबाईंचा जुना पंप घेऊन बसले आणि या वेळी त्यांनी तो उघडला. काडी घालून काहीतरी ओढायला लागले. ओढता ओढता ते संपेचना. काळपट, तेलकट, लांबच लांब गुंता. फडक्यावर ठेवून पुसला तर आतून रंग निघाला. लाल.

"मोटर चांगली हाय," तात्या म्हणाले. "ह्ये अडकलं हुतं. धागं."

मी पाऊसबाईंकडे बघितलं. परकराचा घेर खालून सगळा विरलेला, सुटलेला. लहानपणापासून तो मी तसाच बघत होते आणि एकदाही मनात आलं नव्हतं. आईनं शिवलेल्या परकरानं पाऊस थांबवला होता! मी खाली मातीतच बसले. ही बातमी घरी सांगणार कोण?

वत्सलाकाकूंनी धागा बोटांत चोळून बघितला. "सुती नेसवलं हुतं व्हय? वल्या जागी सुती कधी घालायचं न्हाई. आमच्या गंगेला बगा. नायलॉन. किती पावसाळं झालं, धागा सुटला का?" सगळ्या देखाव्यांचे कपडे त्याच शिवायच्या. मशीन आतच होतं आणि तेलाचं कोडंही तिथेच सुटलं. शिलाई मशीनचं तेल! पांढरं, पातळ, वास नसलेलं. घरातलं पुरेना, तेव्हा गिरणीवाला स्वतः आपल्या मोटरसायकलवर जाऊन दुकानातून आणखी घेऊन आला. तोवर काकूंनी गंगेच्या साडीतल्या उरलेल्या निळ्या कापडाची छोटी साडी बेतली आणि कडा मेणबत्तीवर धरून पक्क्या केल्या.

तात्यांनी जुना पंप परत बसवला, तेल ओतलं आणि "आता बघा," म्हणून बटण दाबलं.

आधी नुसती गुणगुण. मग छताच्या कडेला एक थेंब आला, थांबला, फुगला आणि तारेवरून सावकाश खाली उतरला. त्याच्यामागे दुसरा. मग सगळ्या तारांवर एकदम! निळी साडी नेसलेल्या पाऊसबाई आणि चहूकडून सोनेरी पाऊस. गिरणीवाल्यानं टाळ्या वाजवल्या, पिठाचा ढग उडाला. मला रडू आलं आणि मी ते थांबवलंही नाही.

"मी म्हनलं नव्हतं?" तात्यांची मिशी परत वर गेली. त्यांनी म्हटलं होतं ते अगदी वेगळंच, पण त्या क्षणी मी त्यांना काहीही म्हणू दिलं असतं. निघताना म्हणाले, "कर्वेनगरात माझं नाव सांगायचं, बरं का." त्याप्रमाणे सांगते आहे, किसनतात्या, लोणी काळभोर.

पुन्हा कर्वेनगर, शनिवारीच

तेल बाटलीत काढून घेतलं, जुना परकर-झंपर आणि लाल गुंता प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि मी अख्खं पुणे गाणं म्हणत पार केलं. घराच्या दारात बघते तर वजनकाटा! भंगारवाला आला होता.

"रविवार म्हणाली होतीस ना?" मी किंचाळले.

"तो आज इकडे आला होता," आई शांतपणे म्हणाली. "पुन्हा कशाला हेलपाटा त्याला?"

शोकेस रिकामं झालं होतं. बाबा त्याच्या शेजारी खुर्चीत बसले होते, मऊ फडकं घडी करून मांडीवर. मी दिवा ठेवला, तेल ओतलं, वायर लावली, बटण दाबलं. गुणगुण सुरू झाली. आई हाताची घडी घालून उभी. थेंब येईना.

"बल्ब लागतोय," भंगारवाला मला धीर द्यायला म्हणाला.

"बल्ब चालणार नाही," आई म्हणाली.

आणि तेवढ्यात छताच्या कडेला थेंब आला. उतरला. मग दुसरा. मग पाऊसच पाऊस! बाबा उठले, चाचपडत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी ट्यूब बंद केली. परत येऊन खुर्ची पुढे ओढून बसले, अगदी मांडी घालून, मी लहान होते तेव्हा बसायचे तसे. त्यांच्या चेहऱ्यावरून तो उजेड खाली घरंगळत होता. भंगारवाल्यानं काटा खाली ठेवला.

शेवटी आईच म्हणाली, "साडी कुणी नेसवली? माझा झंपर कुठे गेला?"

मी पिशवी पुढे केली. तिनं गुंता हातात घेतला, उजेडात धरला. कापड तिचंच, तिला एका क्षणात कळलं. "म्हणजे यानं बंद पडलं होतं?" तिचा आवाज एवढा लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. "इतकी वर्षं? मी शिवलेल्या परकरानं?"

"हो," बाबा पावसावरून नजर न काढता म्हणाले. "मला माहीत होतं. बंद पडला तेव्हाच खाली धागे दिसले होते."

"अहो, मग बोलायचं नाही? साफ करून घ्यायचा!"

"साफ करायचा तर परकर काढावा लागला असता. सांगितलं असतं तर तुला लागलं असतं. तू किती हौसेनं शिवला होतास."

आईनं लाल धागे परत पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि ती पिशवी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मग डोळे पुसून भंगारवाल्याकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बघत काय बसलात? ते शोकेस उचला. नव्या घरात मावणार नाही."

सोमवारी सामानाचा टेम्पो आला. सोसायटीतले युरोपवाले गॅलरीत उभे होते, त्यांनी सगळं बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, दिवा मागे ठेवतो, गाद्यांमध्ये." आईनं त्याला दिव्याला हात लावू दिला नाही. ती पुढच्या सीटवर बसली, पाऊसबाईंना मांडीवर घेतलं आणि स्वतःचा स्कार्फ सोडून त्यांना बांधला.

"जपून चालव," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आमच्या ह्यांची वस्तू आहे."